काळी, पांढरी आणि मुलांचे रंग

(नेवासा येथे अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षक व पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



नेवासा ही अक्षरांची नगरी म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, श्रीज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका या गावी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली गेली असे आपण श्रद्धेने मानतो, तो पैस खांब पाहावयास आजही दूरदूरची माणसे येतात. अशा गावी उभे राहून मी आज अक्षरांविषयी बोलणार नाही. अक्षर हाती येण्यापूर्वी मुलाच्या हाती जी रेघ येते तिच्याविषयी, आणि ती रेघ ज्या रंगाने काढावयाची त्या रंगाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. मी चित्रकार नव्हे. माहिती खात्यातील नोकरीमुळे गावोगावच्या अंगणवाड्या आणि शाळा पाहण्याचा योग येतो. पाहिले ते सांगणे हेच माझे काम.

बालचित्रांच्या स्पर्धांना हजर राहण्याचा प्रसंग मला अनेकदा येतो. भिंतीवर पन्नास चित्रे टांगलेली असतात आणि त्यांतील चाळीस एकच चित्र असते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून डोकावणारा सूर्य, खाली वळत गेलेली निळी नदी, काठावर लाल कौलांची झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. हे चित्र रत्नागिरीच्या मुलाने काढले तर समजू शकते. पण प्रवरेच्या काठी, सपाट काळ्या रानात वाढलेल्या मुलाने नारळ कोठे पाहिला? देवळात फोडतात तो सोडल्यास बहुधा कोठेच नाही. त्याच्या दाराशी बाभूळ आहे, लिंब आहे, उसाचा फड आहे, कांद्याची चाळ आहे. आणि प्रवरेचे पाणी निळे नव्हे, पावसाळ्यात ते गढूळ तांबूस असते हे त्याला पक्के ठाऊक आहे. तरीही हाती खडू आला की तो नारळ काढतो, कारण चित्र म्हणजे हेच, असे कोणीतरी त्याला शिकवून ठेवले आहे. मुलाला चित्र येत नाही याची मला चिंता वाटत नाही. त्याला स्वतःचे गाव दिसेनासे होते, याची मात्र वाटते.

यावर उपाय म्हणून मी आपणांस महागड्या रंगपेट्या सुचविणार नाही. रंगपेट्या आल्या नाहीत म्हणून वर्षभर चित्रकला झाली नाही, असे उत्तर मी एकाहून अधिक ठिकाणी ऐकले आहे. पेटीतील बारा वड्या चांगल्याच असतात, परंतु त्यांतील हिरवा कोठून आला हे मुलाला कधी कळत नाही. ज्या मुलाने ढेकूळ फोडून, चाळून, भिजवून स्वतःचा तपकिरी रंग केला, ते मूल त्यानंतर रस्त्याने जाताना मातीकडे पाहत जाते. पाहण्याची ही सवय लागावी, एवढ्याचसाठी हा सारा खटाटोप.

आपल्या भाषेत एक सुंदर जोडी आहे. गावाची शेतजमीन ती काळी आणि गावाची वस्ती ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भिंती, राख, शेण आणि चुलवणे यांनी वस्तीची माती फिकट होत जाते, म्हणून ती पांढरी. महसुलाच्या जुन्या व्यवहारातही हे शब्द येतात. मुलांच्या रंगाच्या पहिल्या दोन वाट्या याच. तिसरी वाटी गेरूची, चौथी मुरुमाची आणि पाचवी चुलीवरच्या तव्याखालच्या काजळीची. एवढ्या पाच वाट्यांत मनुष्याचे, जनावराचे, घराचे, झाडाच्या खोडाचे असे कोणतेही चित्र होऊ शकते.

हे मी कल्पनेने सांगत नाही. आपल्याच गावातील प्रवरेकाठची लाडमोड टेकडी आपणा सर्वांच्या नित्य परिचयाची आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत १९६० साली प्रसिद्ध झाला. त्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची रंगीत खापरे मिळाली. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाने काढलेल्या तिरप्या रेघा, जाळ्या, त्रिकोण आणि चौकटी. याच प्रवरेच्या वरच्या अंगाला, संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे अशी भांडी आधी सापडली होती, म्हणून त्यांना जोर्वे पद्धतीची भांडी म्हणतात. ज्या हातांनी ती रंगविली, त्यांच्यापाशी दुकान नव्हते. नदीची माती होती, खनिज रंग होता, कसला तरी कुंचला होता आणि भट्टी होती. भाजण्यापूर्वी चढविलेला तो रंग आजही पुसला गेलेला नाही. आपल्या मुलांना ती खापरे, निदान त्यांची छायाचित्रे, जरूर दाखवावीत. त्या जाळ्या आणि ते त्रिकोण पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला सहज जमण्याजोगे आहेत. एक विनंती मात्र आग्रहाची आहे. रंगासाठी त्या टेकडीची माती कोणीही आणू नये. तेथील एक घमेले माती हलली तरी इतिहासाचा एक पुरावा कायमचा नाहीसा होतो. रानात मातीला तोटा नाही.

आता कृती सांगतो. माती उकिरडा, गोठा आणि गटार यांपासून दूरच्या स्वच्छ जागेची घ्यावी. हातभर खोलीची मिळाल्यास उत्तम. कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावी, ढेकळे फोडावीत, काड्या-खडे काढावेत आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळावी. मग भांड्यात पाणी घालून ढवळावी आणि सावकाश शंभर आकडे मोजावेत. मुलांना हे मोजणे फार आवडते. तेवढ्यात जाड वाळू तळाशी बसते. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर ठेवावे. सकाळी वरचे निवळ पाणी काढून टाकले, की खाली जो लोण्यासारखा गाळ राहतो, तो आपला रंग.

हा रंग नुसता लावला तर वाळल्यावर बोटाला लागतो. त्याला धरून ठेवणारे काहीतरी हवे. बाभळीचा डिंक आपल्याकडे आहेच. मूठभर डिंक रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी गाळावा आणि रंगात थोडा थोडा मिसळावा. किती, याचे माप सांगण्यापेक्षा परीक्षा सांगतो. कागदावर एक पट्टा ओढावा आणि वाळल्यावर बोट फिरवावे. भुकटी निघाली तर डिंक कमी. पट्टा चकाकला आणि तडकला तर जास्त. डिंक नसेल तर गव्हाच्या पिठाची पातळ खळ चालते, पण ती उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबते, म्हणून रोज ताजी करावी. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव मात्र लक्षात ठेवावा. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते. चैत्र-वैशाखात शेताला भेगा पडतात, तशाच त्या चित्रालाही पडतात. त्यासाठी तिचा थर पातळ द्यावा आणि चिमूटभर चाळलेली राख मिसळावी. एखाद्या मुलाला भेगाच हव्या असतील, वठलेल्या झाडाची साल दाखवावयाची असेल, तर जाड थर देऊ द्यावा.

फुलांचे आणि स्वयंपाकघरातील रंग हा दुसरा प्रकार, आणि त्यांत गंमत अधिक आहे. फाल्गुनात पळस फुलतो. त्याची गळून पडलेली फुले रात्रभर भिजविली की केशरी-पिवळे पाणी मिळते. शरद ऋतूत पारिजातकाचा सडा पडतो. त्याच्या देठांचा रंग केशरी. गोकर्णाच्या निळ्या पाकळ्या कोमट पाण्यात टाकाव्यात, पाणी निळे होते. त्यात लिंबू पिळले की जांभळे-गुलाबी होते आणि खाण्याचा सोडा टाकला की हिरवट. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवावा आणि त्यावर सोड्याच्या पाण्यात बुडविलेल्या काडीने रेघ ओढावी. पिवळ्यावर लाल रेघ उमटते. हळद आणि चुन्यापासून कुंकू होते हे आपल्या आजीला ठाऊक होते. हा त्याचाच प्रकार. चुना डोळ्यांना घातक असल्यामुळे मुलांच्या हाती तो देऊ नये, सोडा पुरतो. निळ्याची टंचाई ही काही आपलीच अडचण नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी पिवळा, तांबडा, हिरवा हे रंग खडकांतून आणि मातीतून मिळविले, काळा काजळीतून घेतला. निळ्यासाठी मात्र अफगाणिस्तानच्या डोंगरातील राजवर्त त्यांना आणवावा लागला. आपल्याला कुंपणावरचा गोकर्ण पुरतो.

फुलांचा रंग उन्हाने उडतो हे मुलांपासून लपवू नये. एकाच कागदावर गेरूचा आणि हळदीचा पट्टा ओढून तो खिडकीत लावावा आणि आठवड्याने पाहावा. कोणता टिकला, कोणता गेला, हे मुले स्वतःच सांगतील.

कुंचल्यांसाठी पैसा खर्च करण्याचे कारण नाही. बाभळीची किंवा लिंबाची दातवणाची काडी टोकाला ठेचली की कुंचला झाला. डहाणू-तलासरीकडील वारली स्त्रिया बांबूची काडी अशीच चावून मऊ करतात आणि तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर चित्रे काढतात. तेथील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रे देशोदेशी पोहोचली, पण मूळ साधन काडी आणि पीठ एवढेच. आपल्याकडे घायपाताचे तंतू, दाणे झडलेले बाजरीचे कणीस, कोंबडीचे धुऊन वाळविलेले पीस, काडीला गुंडाळलेला कापूस, हे सारे चालते. तीन वर्षांच्या मुलाला यांपैकी काहीच नको. त्याची दहा बोटे पुरेशी आहेत.

ठसे हा या वयाचा सर्वांत आवडता उद्योग. भेंडीचे आडवे काप पाच पाकळ्यांचे फूल उमटविते. कांद्याच्या अर्ध्या फोडीत वर्तुळात वर्तुळ असते, आणि कांदा या तालुक्याला नवा नाही. उसाचे पेर आडवे कापले तर ठिपक्यांनी भरलेली चकती मिळते. पिंपळ, पेरू, पपई यांच्या पानाची शिरा उठून दिसणारी पाठीमागची बाजू रंगवून कागदावर दाबली, तर प्रत्येक शीर उमटते. वनस्पतिशास्त्राचा हा पहिला धडा आहे, पण तो धडा आहे असे मुलांना सांगू नये.

कागदाची चिंताही नको. लग्नसराई झाली की घरोघरी पत्रिकांचा ढीग साचतो. त्यांची कोरी पाठ उत्तम जाड असते. नदीतील गुळगुळीत गोटे, फुटलेले कौल, वडाची वाळलेली पाने यांवरही रंगविता येते. अंगणवाडीच्या भिंतीचा खालचा अडीच हातांचा पट्टा गेरूने सारवून मुलांना देऊन टाकावा आणि भरला की पुन्हा सारवावा. आणि हे काहीच नसेल, तर शहाबादी फरशी आणि तांब्याभर पाणी घ्यावे. चैत्रातल्या सकाळी मुलांना ओल्या चिंध्या देऊन फरशीवर हवे ते काढू द्यावे. चित्र काढून होईतो पहिले टोक वाळलेले असते आणि पुन्हा जागा कोरी. एका खेड्यात मी हे पाहिले आहे. तासभर कोणी जागचे उठले नाही. एक मुलगी मात्र वाळत चाललेल्या हत्तीच्या मागे धावून त्याला पुन:पुन्हा पाणी पाजत होती.

आता एका गोष्टीकडे कृपया बारकाईने लक्ष द्यावे. निसर्गातील सर्व काही निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. गुंजेच्या लालचुटुक बिया फार गोड दिसतात. त्या अत्यंत विषारी आहेत. धोत्रा, कण्हेर आणि एरंडाच्या बिया यांनाही या कामात थारा देऊ नये. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते. गाजरगवताने अंगावर पुरळ उठते. देवाला लावण्याचा शेंदूर हे शिशाचे संयुग आहे. तो रंग म्हणून मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. होळीचे बाजारी रंग तसेच. कापूस, कांदा, ऊस यांच्या फवारणी झालेल्या रानातील पाने घेऊ नयेत. भाज्या स्वच्छ धुऊन घ्याव्यात. आणि औषधांचे रिकामे डबे रंग कालविण्यास कधीही, कितीही धुतले तरी, वापरू नयेत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण डबा चांगला दिसला की तो ठेवून देण्याची आपली सवय जुनी आहे. काम संपल्यावर साबणाने हात धुणे हा चित्राचाच शेवटचा भाग समजावा. फुले झाडावरची तोडू नयेत, खाली पडलेली वेचावीत. वेचण्यातही बोटांना वळण लागते.

महाराष्ट्रात ही दृष्टी नवी नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्यापुढे प्रश्न असा होता, की माँटेसोरी पद्धतीची परदेशी, खर्चिक साधने आदिवासी पाड्यावर आणावयाची कोठून? त्यांनी ती आणलीच नाहीत. पाने, बिया, खडे, शिंपले, काड्या हीच साधने ठरविली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेली, आणि ते गुरांमागे रानात असेल तर कुरणात. आज ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण उच्चारतो, त्यामागे ही परंपरा आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. आहार, लसीकरण, वजन-उंचीच्या नोंदी यांचा मोठा भार सेविकाताईंवर असतो हे मी जाणतो. हा आणखी एक भार ठरू नये, म्हणूनच आठवड्यातून एक दिवस, एक तास, एवढेच मागतो.

त्या तासात मोठ्यांनी काय करावे? शक्यतो कमी करावे. फळ्यावर नमुना काढून देऊ नये. तीन वर्षांचे मूल गिरगटते. त्या गिरगटण्यातून एक दिवस बंद वर्तुळ निघते. मग त्या वर्तुळाला डोळे येतात आणि पाय थेट डोक्यातून फुटतात. पोट नसलेला तो मनुष्य चुकलेला नसतो. जगभरची मुले त्याच वाटेने जातात. ‘हे काय काढलेस?’ असे पोलिसी थाटात विचारण्यापेक्षा ‘सांग बरे याच्याविषयी’ म्हणावे आणि मूल सांगेल ते त्याच्याच बोलीत कागदाच्या पाठीवर लिहून तारीख घालावी. वर्षाअखेर ही चित्रे क्रमाने मांडली तर आईबापांना प्रगतिपुस्तकाहून अधिक कळेल. आणि बक्षिसे, कृपा करून, सहा वर्षांखालील मुलांना नकोत. नारळाचे झाड तेथूनच येते.

शेवटी एका वर्गाविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. दिवाळी सरली की साखर कारखान्यांच्या परिसरात बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडणी मजुरांची कुटुंबे येतात. पाचटाच्या कोप्यांत राहतात, पहाटे फडात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांची लहान मुले या सहा महिन्यांत ना गावच्या शाळेत असतात ना इथल्या. धाकट्याला सांभाळत थोरली बसलेली असते. अशा मुलांची व्यवस्था लावण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि होत आहेत. तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. पण या रंगांना नाव नोंदवावे लागत नाही, दाखला लागत नाही, पाटी-दप्तर लागत नाही. मागील एका हंगामात कोपीबाहेर बसलेल्या एका मुलाला सेविकाताईंनी काजळीची वाटी आणि पत्रिकेची पाठ दिली. त्याने दोन चाके काढली, दोन बैल काढले, आणि उसाची मोळी एवढी उंच काढली की कागद संपला. ‘अजून लय हाय,’ असे म्हणून उरलेली मोळी त्याने जमिनीवर काढली. त्या पत्रिकेवर नारळ नव्हता, डोंगर नव्हते. आपल्या गावच्या मुलांबरोबर या मुलांनाही त्या एका तासाला बोलवावे. थोरल्या बहिणीला आणि तिच्या कडेवरच्यालाही.

बाहेर ओट्यावर पाच घमेली ठेवली आहेत. काळीचा गाळ काल रात्रीच निवळत ठेवला होता, डिंकही भिजला आहे. पहिल्या दोन रांगांतील भगिनींनी काड्या ठेचावयास घ्याव्यात, पालकांनी पत्रिका फाडून कोऱ्या पाठी वेगळ्या कराव्यात. मुले शेजारच्या खोलीत वाट पाहत आहेत, आणि त्यांच्या आवाजावरून ती फार वेळ थांबतील असे दिसत नाही.